कृषी सल्ला: बारमाही गोठलेली जमीन शास्त्रज्ञ कशी ओळखतात?

शेतकरी बंधू-भगिनींनो, या खेपेला तीनच प्रश्न घेतो. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे. वरवर पाहता त्याचा पुणे जिल्ह्यातल्या शेतीशी काही संबंध नाही, पण आपल्या जमिनीकडे कसं बघावं हे मला त्यातूनच नीट सांगता येईल.

पुरंदर तालुक्यातल्या एका काकांचा प्रश्न: "साहेब, मुलगा सैन्यात आहे, सध्या लडाखला वर उंचावर. त्यानं व्हिडिओ पाठवला. पहार मारली की ठणकन आवाज येतो, माती नुसती दगड झालीय. रंग मात्र आपल्या काळ्या रानासारखा. असल्या जमिनीला काय म्हणतात? ते ठरवतात कसं? आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडेला दंव गोठतं, ती जमीन त्यातलीच का?"

काका, मुलाला आधी एवढंच विचारा की व्हिडिओ कुठल्या महिन्यातला आहे. नाव ठरवायला सुरुवात तिथूनच होते.

जानेवारीतला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथं हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात सुटते आणि शेतकरी तिच्यात जव पेरतात. जर्दाळूच्या बागाही तिथल्याच. हे झालं हंगामी गोठणं. पण त्याहून पुष्कळ वर, ऑगस्ट संपताना, म्हणजे उन्हाळ्याची सगळी ऊब जमिनीत उतरून झाल्यावरही हातभर खाली पहार अडत असेल, तर ती जमीन वेगळ्या जातीची असण्याचा संभव आहे.

शास्त्रज्ञ बारमाही गोठलेल्या थराला 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. त्याची व्याख्या अगदी साधी आहे: सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ ज्याचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं नाही, तो थर. या व्याख्येत बर्फाचा शब्दही नाही. अंटार्क्टिकाच्या कोरड्या खोऱ्यांत काही ठिकाणी माती शून्याखाली आहे, पण पाणीच नसल्यामुळे वाळूसारखी सुटी आहे. तीसुद्धा पर्माफ्रॉस्टच, कोरडा. म्हणजे पहार अडली हा संशयाला आधार झाला. पुरावा द्यायचा तो तापमापकानं. म्हणून जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक पुरून त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतात.

पर्माफ्रॉस्टच्या वरचा जो थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो, तो किती जाड आहे हे आधी मोजतात. त्याचं हत्यार आपल्या गावच्या लोहारालाही करता येईल: बोटाएवढी जाड पोलादी सळई, वर आडवी मूठ, अंगावर सेंटिमीटरच्या खुणा. ती मऊ चिखलात सरसर जाते आणि एकदम टक् करून थांबते. तो आकडा लिहायचा. दगडाला लागली तर आवाज निराळा येतो, दोन वीत बाजूला सरकून पुन्हा खुपसायची. उत्तर गोलार्धात हे काम ऑगस्ट-सप्टेंबरात करतात, कारण तेव्हा वितळण सर्वांत खोल गेलेली असते.

मग खड्डा. सगळ्यात बघण्यासारखं असतं ते इथं. आपल्याकडे खड्ड्याच्या भिंतीत थर एकाखाली एक दिसतात. गोठणाऱ्या जमिनीत ते तुटलेले, वाकलेले, एकमेकांत घुसलेले असतात. दोन रंगांचं पीठ अर्धवट मळून सोडावं तशी भिंत दिसते. करड्या मातीच्या पोटात काळ्या कुजक्या थराची जीभ शिरलेली, सपाट दगड उभे राहिलेले, दगडांच्या माथ्यावर बारीक गाळाची टोपी. कारण असं की पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतंच, शिवाय गोठणारा थर आजूबाजूच्या मातीतलं पाणी आपल्याकडे ओढतो आणि त्याचे बर्फाचे पापुद्रे बनतात. ते माती उचलतात, दगड वर ढकलतात. उन्हाळ्यात सगळं पुन्हा खाली बसतं, पण पहिल्या जागी बसत नाही. शेकडो, हजारो वर्षं हे चाललं की वर जमिनीवर दगडांची वर्तुळं आणि बहुकोन उमटतात.

काका, हे वाचून तुम्हाला आपलं काळं रान आठवायला हवं. तेही स्वतःला घुसळतंच. तिथं थंडी घुसळते, इथं चिकणमाती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आक्रसून घुसळते. भेगांत वरची माती पडते, खालचे दगड-गोटे हळूहळू वर येतात. वेचून टाकले तरी शेतात दगड "उगवतात" असं जुनी माणसं म्हणतात, ते काळ्या रानापुरतं तरी खरं आहे. आपल्या जमिनीत दोन-तीन फुटांवर तिरके, चकाकणारे, तेलाचा हात फिरवल्यासारखे गुळगुळीत पृष्ठभाग सापडतात. मातीची ढेकळं एकमेकांवर घासून ते झालेले असतात. जगभरचे मृदाशास्त्रज्ञ भारी काळी जमीन मुख्यतः भेगा आणि याच घासलेल्या पृष्ठभागांवरून ओळखतात.

आता नाव. अमेरिकेची मृदा वर्गीकरण पद्धत आपल्याकडेही वापरतात, नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थाही. तिच्यात बारा मोठे गण आहेत. १९७५ साली ती ग्रंथरूपानं आली तेव्हा दहाच होते आणि गोठलेल्या जमिनी इतर गणांत विखुरलेल्या होत्या. १९९८ मध्ये त्यांना स्वतःचा गण मिळाला, 'जेलिसॉल'. निकष खोलीचा आहे: पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत पर्माफ्रॉस्ट लागला तर जेलिसॉल. तो १०० ते २०० सेंटिमीटरच्या दरम्यान लागला, तर वरच्या १०० सेंटिमीटरमध्ये गोठण्या-वितळण्याच्या खुणा, म्हणजे घुसळण किंवा बर्फाचे पापुद्रे, दिसायलाच हवेत. त्याहून खाली असेल तर हे नाव नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नकाशांत वापरली जाणारी जागतिक पद्धत याच जमिनींना 'क्रायोसॉल' म्हणते. निकष जवळपास तसेच.

वर्गीकरणात प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतात आणि पहिला प्रश्नच "पर्माफ्रॉस्ट आहे का?" असा आहे. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. खाली गोठलेला थर असेल तर पाणी मुरत नाही, मुळं उतरत नाहीत, काडीकचरा कुजत नाही, बाकी सगळे गुण त्याच्यापुढे दुय्यम. आपल्या काळ्या जमिनीचा, 'व्हर्टिसॉल'चा, प्रश्न सहावा येतो.

जेलिसॉलचे पुढे तीन भाग होतात. सेंद्रिय पदार्थांचा जाड थर असेल तर 'हिस्टेल', घुसळणीच्या खुणा असतील तर 'टर्बेल', दोन्ही नसतील तर 'ऑर्थेल'. ही नावं जड वाटतात, पण मागून वाचली की उलगडतात. 'हॅप्लोटर्बेल' शब्दात शेवटचं 'एल' म्हणजे जेलिसॉल, 'टर्ब' म्हणजे घुसळलेली, 'हॅप्लो' म्हणजे साधी. तसंच आपल्याकडच्या 'हॅप्लस्टर्ट' मध्ये 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसॉल, 'उस्ट' म्हणजे काही महिने ओल आणि काही महिने कोरड असलेली. मृदा सर्वेक्षण अहवालात गावापुढे असा शब्द दिसला तर घाबरून पान उलटू नका, शेपटाकडून वाचा.

एक सूचना मात्र आवर्जून सांगतो. अशा घुसळलेल्या जमिनीत एकच भोक पाडून नमुना घेतला तर तो फसवतो. एका उंचवट्यावर काळा थर मिळेल, दोन पावलांवर करडी माती. म्हणून एका उंचवट्याच्या मध्यापासून पुढच्यापर्यंत चर खणतात आणि भिंतीचं चित्र काढून घेतात. नमुने गोठलेलेच प्रयोगशाळेत नेतात, वजन करतात, वाळवून पुन्हा वजन करतात. त्यातून किती बर्फ होता ते कळतं.

रंगाचं म्हणाल, तर तिथं काळा रंग बहुतेक करून न कुजलेल्या वनस्पतींचा असतो. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टच्या मुलखातल्या मातीत साधारण १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन साठलाय असा अंदाज आहे, वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. तो थर वितळला तर कुजायला लागेल, म्हणून शास्त्रज्ञांना घोर आहे. आपली जमीन काळी असूनही तिच्यात सेंद्रिय कर्ब पुष्कळदा एक टक्कासुद्धा नसतो. तिचा काळेपणा चिकणमातीला घट्ट बिलगलेल्या थोड्याशा ह्यूमसचा, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा. रशियातल्या ज्या जमिनीवर वसिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि आधुनिक मृदाशास्त्राचा पाया घातला, त्या 'चेर्नोझेम'चा अर्थही काळी जमीनच. तिचा काळेपणा मात्र भरपूर ह्यूमसचा. रंग एक, जमिनी तीन.

राहिलं महाबळेश्वर. तिथं गोठतं ते पृष्ठभागावरचं दंव, पहाटेपुरतं. जमिनीचं तापमान वर्गीकरणासाठी ५० सेंटिमीटर खोलीवर बघतात, कारण दिवस-रात्रीचा फरक तिथवर पोचत नाही. पुणे शहरात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांवर आला होता, तरी त्या खोलीवरच्या मातीला त्याचं फारसं काही वाटलं नसणार. ५० सेंटिमीटरवर वर्षाची सरासरी शून्य किंवा कमी असेल तर जमीन सर्वांत थंड वर्गात जाते. २२ अंश किंवा जास्त असेल तर सर्वांत उष्ण वर्गात, आणि पुणे जिल्ह्याचा बहुतेक सपाट भाग याच वर्गातला. मातीचं तापमान मोजायची परंपरा आपल्याच पुण्यात जुनी आहे. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये इथं सुरू झाला, आणि जमिनीलगतच्या तापमानावर डॉ. एल. ए. रामदास यांनी केलेलं काम आजही जगभर अभ्यासलं जातं.

मुलाला सांगा, वरिष्ठांची परवानगी असेल तर ऑगस्टअखेर त्याच जागी पहार पुन्हा मारून बघ. पुढच्या वर्षीही.

मावळातल्या पॉलिहाऊसवाल्या ताईंचा प्रश्न: "थंड देशातून येणाऱ्या पीट मॉसच्या गोण्या मिळतात. काळं-तपकिरी, हलकं, छान दिसतं. जरबेराच्या बेडमध्ये आणि बाहेरच्या भाजीच्या रानात मिसळू का?"

ताई, ट्रेमध्ये रोपं करायची असतील तर वापरा, बाहेरच्या रानात नको. पीट म्हणजे थंड दलदलीत हजारो वर्षं न कुजता साठलेलं शेवाळ. ते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतं, म्हणजे फूटभर थर म्हणजे तीनेकशे वर्षं. थंडी आणि साचलेलं पाणी यामुळेच ते टिकलंय. आपल्या उन्हात, नांगरलेल्या रानात ते कुजून जाईल आणि पैसे वाया जातील. त्याचा सामू बहुधा साडेचारच्या खाली असतो. जरबेराला साडेपाच ते साडेसहा लागतो, म्हणून बेडमध्ये घालायचंच तर आधी सामू तपासून चुन्यानं दुरुस्त करावं लागेल. चांगलं धुतलेलं कोकोपीट आणि पूर्ण कुजलेलं शेणखत यात काम भागतं. कोकोपीटची क्षारता तेवढी मोजून घ्या.

इंदापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न: "मृदा आरोग्य पत्रिकेत बारा आकडे आले, पण जमीन कुठल्या जातीची ते लिहिलेलं नाही. डाळिंब लावायचंय. वरून जमीन मध्यम वाटते."

दादा, पत्रिकेसाठी माती वीतभर खोलीची घेतात. हंगामी पिकाच्या खतासाठी ती ठीक आहे. डाळिंबाचं झाड तुमच्या रानात वर्षानुवर्षं उभं राहणार, त्याला वीतभर मातीवरून हो म्हणता येत नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याला मी वरची भुरी, भुसभुशीत माती हातात घेऊन बागेला होकार दिला. दोन वर्षांनी झाडं पिवळी पडली. खणलं तर दीड फुटावर चुनखडीचा पांढरा, घट्ट थर, आणि मुळं त्याच्यावर आडवी पसरलेली. त्या माणसाची दोन वर्षं आणि कर्ज माझ्या घाईनं गेलं. तेव्हापासून खड्डा पाहिल्याशिवाय मी बागेला सल्ला देत नाही.

तुम्ही असं करा. रानाच्या सरासरी जागी, बांधापासून आणि उकिरड्यापासून लांब, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा घ्या. एक भिंत सूर्याकडे तोंड करून ठेवा आणि तिच्यावर फावडं न लावता सुरीनं माती खरवडा, म्हणजे खरा पोत दिसतो. जुन्या झाडाझुडपांची मुळं कुठवर गेलीत ते बघा. पांढरे खडे कुठे सुरू होतात, मुरूम कुठे लागतो, करडे-निळसर किंवा गंजाचे ठिपके आहेत का, ते टेप लावून लिहा. तसले ठिपके म्हणजे तिथं पाणी तुंबतं. दोन फुटांच्या आसपास तिरके चकाकते पृष्ठभाग दिसले तर ती मध्यम जमीन नाही, भारी आहे. तिथं डाळिंबाला मी नाही म्हणेन. भेगा असतील तर तार सोडून खोली मोजा. मग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत, आत चिठ्ठी टाकून ठेवा.

भोवती काट्या लावा, जनावर पडेल. आणि खड्डा बुजवू नका. पुढच्या आठवड्यात मी त्या बाजूला आहे, चुना तपासायचं आम्ल घेऊन येतो.