ईआरपीचा तक्ता भरला, तरी निर्णय का होत नाही?

ईआरपी म्हणजे कंपनीची खरेदी, मालसाठा, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर. सॅप, मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स, ओडू आणि ईआरपीनेक्स्ट या चार ईआरपींच्या वैशिष्ट्यांचा दीडशे ओळींचा तक्ता करूनही निवड होत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा निवडीच्या समितीवर मी दोनदा काम केले असून पहिल्या खेपेस आम्हीही असाच तक्ता केला होता. प्रत्येक विक्रेत्याने जवळजवळ प्रत्येक रकान्यात 'होय' लिहून दिले. तो 'होय' म्हणजे 'आजच होते', 'सेटिंग बदलून होते' की 'जादा पैसे दिल्यास करून देऊ', हे आम्ही विचारलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेस आम्ही तयार डेमो नाकारले आणि आमच्याच स्टोअरमधला एक कटकटीचा व्यवहार पुढे ठेवला. माल किलोवर मागवलेला, वापरासाठी मात्र नगावर द्यायचा. मागणीच्या निम्माच आला, त्यातला काही तपासणीत नापास झाला आणि बिल आले पूर्ण मालाचे. परचेस ऑर्डर, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल यांचा मेळ बसत नसताना सॉफ्टवेअर पेमेंट अडवते का, नापास माल वापरण्याजोग्या शिलकेत दिसतो का आणि चुकलेली नोंद उलटवायला कोणाची मंजुरी लागते, हे आमच्या स्टोअरकीपरने स्वतः कीबोर्डवर बसून पाहिले. तासाभरात चारांपैकी दोन बाद झाले. (स्टोअरकीपरला समितीत घेण्यास वरिष्ठांचा विरोध होता, हेही सांगतो.)

जिथे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीशी जुळत नाही, तिथे पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर, हे करारापूर्वी ठरवावे. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ मध्ये सुरू केलेला सॅपचा प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. खर्च सुमारे ५० कोटी युरोवर गेल्याच्या बातम्या होत्या. मालसाठा खरेदी किमतीने मोजण्याची त्यांची रीत सॅपच्या विक्री किमतीवर आधारलेल्या प्रमाण रचनेत बसत नव्हती आणि ती त्यांना सोडायची नव्हती, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. मोठी कस्टमायझेशन, म्हणजे आपल्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये करून घेतलेले बदल, पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा तपासावी लागतात, म्हणून माझा कल पद्धत बदलण्याकडे असतो.

फुकट या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नये. ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि त्याला परवाना शुल्क नाही. ओडूची कम्युनिटी आवृत्तीही मुक्त आहे, पण पूर्ण लेखांकन तिच्या सशुल्क एंटरप्राइझ आवृत्तीत मिळते. सर्व्हर, अंमलबजावणी, प्रशिक्षण आणि डेटा स्थलांतर यांचा खर्च दोन्हीकडे राहतोच, तेव्हा पाच वर्षांचा एकूण आकडा मांडून तुलना करावी.

निवड होईपर्यंत आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची मूळ यादी, साफ करायला घ्यावा. आमच्याकडे एकच बोल्ट 'बोल्ट एम८', 'एम-८ बोल्ट' आणि '८ एमएम बोल्ट' अशा तीन नावांनी, तीन वेगवेगळ्या शिलकांसह नोंदलेला होता, आणि कोणतेही सॉफ्टवेअर घेतले असते तरी ते तिन्ही तसेच नव्या यंत्रणेत गेले असते.