सिंगापूरचं पीआर आणि मुलाचं एनएस, तुम्ही विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न सकाळी ट्रेनमध्ये वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला, आता जेवणं झाल्यावर बसलोय. कंपनी पुण्याहून सिंगापूरला पाठवतेय, मुलगा आठ वर्षांचा आहे, एजंट म्हणतो पोचल्या पोचल्या पीआरला, म्हणजे तिथल्या कायमच्या रहिवासाला, अर्ज टाका, आणि कोणीतरी कानावर घातलंय की मुलाला पुढे दोन वर्षं मिलिटरीत जावं लागतं. तर ते खरं का, तिथे त्याला काय काम देतात, ती वर्षं वाया जातात का आणि इथे एकटेपणा येतो का, असं विचारलंयत. पास, पगाराच्या अटी, पॉइंट सिस्टीम हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि माझ्या माहितीपेक्षा ताजं आहे, त्यात मी पडत नाही.

खरंय, जावं लागतं. त्यालाच एनएस, म्हणजे नॅशनल सर्व्हिस म्हणतात. १९६७ पासून चालू आहे आणि त्यात वशिला चालत नाही, मंत्र्याचा मुलगा पण जातो. नोकरीवर आलेला बाप स्वतः पीआर झाला तर त्याला एनएस नाही, पण त्याच्या अर्जात नाव घातलेल्या मुलाला आहे. मुलींना नाही. म्हणजे सही बापाची आणि चाकरी पोराची. हे एजंट सांगतो, नाही असं नाही, पण ‘अजून दहा वर्षं आहेत हो, तोपर्यंत बघू’ अशा सुरात सांगतो. मलाही २००९ मध्ये एकाने अगदी असंच सांगितलं होतं आणि मला तेच ऐकायचं होतं.

आम्ही २००७ ला आलो, दोन वर्षांचं पोस्टिंग म्हणून. नाशिकच्या घराला कुलूप लावून, फ्रिजचा दरवाजा उघडा ठेवून, शेजारच्या काकूंकडे तुळस देऊन. मग २००८ ची मंदी आली, कंपनीने घरभाडं आणि शाळेची फी देणं बंद केलं, म्हणाले राहायचं तर लोकल पगारावर राहा नाहीतर परत जा, आणि परत जाऊन जी खुर्ची मिळणार होती ती मला नको होती. लोकांना मी ‘मुलाच्या भवितव्यासाठी’ असं सांगत आलोय, पण ते निम्मंच खरं आहे. पीआर झालं की शाळेची फी उतरते, नवरा-बायको दोघं पीआर असले तर तीन वर्षांनी सरकारी सोसायटीतला जुना फ्लॅट विकत घेता येतो, नोकरी गेली तरी लगेच बॅगा भराव्या लागत नाहीत. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला आम्ही सांगितलं की आता आपण इथलेच, तर त्याने विचारलं म्हणजे पोहायला रोज जाता येणार का.

पोस्टिंग हा शब्द इथे जरा वेगळा आहे बरं का. आपल्याकडे पोस्टिंग म्हणजे बँकवाल्यांची नाहीतर फौजदाराची बदली. इथे बारा वर्षांच्या पोराला पोस्टिंग असतं, सहावीच्या पीएसएलई परीक्षेनंतर कुठली शाळा लागली त्याला सेकंडरी वन पोस्टिंग म्हणतात, मग ज्युनियर कॉलेजचं पोस्टिंग, मग आर्मीत. पोरं लहानपणापासून एका यादीची वाट बघायला शिकतात.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीयेत पण विचारायला हवं होतं, कारण ते माझ्या अजून घशाखाली उतरलेलं नाही. बाहेरून आलेल्या मुलांना एइआयएस नावाची परीक्षा देऊन सरकारी शाळेत जागा मिळते. आमचा गणितात चांगला होता पण इंग्रजी निबंध फसला आणि त्याला एक वर्ष खाली बसवलं. एक वर्षाने काय होतंय असं मीच घरी म्हणालो. तर ते एक वर्ष पुढे कायम त्याच्या मागे लागलं, आर्मीत गेला तेव्हा वर्गातल्या सगळ्यांपेक्षा मोठा, बाहेर पडून युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा बावीस उलटलेली, आणि त्याच्याच वयाची आमच्या शेजाऱ्यांची मुलगी तेव्हा दुसऱ्या नोकरीत होती.

आणि मातृभाषा. इथे प्रत्येक मुलाला ‘मातृभाषा’ विषय घ्यावाच लागतो. तमिळ शाळेतच असते, शिवाय हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू चालतात. मराठी नाही. म्हणजे माझ्या मुलाची सरकारी कागदावरची मातृभाषा हिंदी, आणि ती शिकायला शनिवारी सकाळी दुसऱ्याच शाळेत जायचं. घरात आम्ही मराठी, शाळेत इंग्रजी, शनिवारी ‘मेरी प्रिय ऋतु’. त्या हिंदीचे मार्क पीएसएलईत धरतात, आणि तिथेच त्याचे गेले. हवी ती शाळा थोडक्यात हुकली. एका बाईंनी मला पॅरेंट्स मीटिंगला विचारलं, तुम्ही घरी मुलाशी त्याच्या मातृभाषेत बोलत नाही का? काय उत्तर देणार. आजीची पत्रं तो आता फोटो काढून मला पाठवतो, मी वाचून व्हॉइस नोट करतो.

बरं, आर्मी. साडेसोळाव्या वर्षी रजिस्ट्रेशनचं बोलावणं येतं, मग मेडिकल. मेडिकलवरून ग्रेड मिळते, तिला ‘पेस’ म्हणतात, आणि कुठे टाकतील ते बरंचसं तिच्यावर ठरतं. दमा, पाठ, डोळे, जुनी ऑपरेशनं, जे काही असेल त्याचे भारतातले कागद आधीपासून फाइलला लावून ठेवा, आपल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं अक्षर इथल्या डॉक्टरला लागत नाही, टाइप करून घ्या. फिटनेस टेस्टला चांगले मार्क पडले तर दोन महिने वाचतात, त्यात २.४ किलोमीटर पळणं असतं. आमचा रोज रात्री दहाला ब्लॉकभोवती पळायचा आणि मी खाली बाकड्यावर घड्याळ घेऊन बसायचो. आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम ते असावं.

तेरा वर्षांनंतर मुलाला लांब मुदतीसाठी बाहेर ठेवायचं म्हटलं, म्हणजे अगदी पुण्यात आजीकडे राहून बारावी करू दे म्हटलं तरी, एक्झिट परमिट लागतं आणि मुदत मोठी असेल तर बाँड मागतात, ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आईबापाच्या वर्षाच्या एकत्रित उत्पन्नाच्या निम्मे, जे जास्त असेल ते. न सांगता गेलात तर तो गुन्हा आहे, १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पीआर सोडून द्यायचं म्हणाल तर सोडता येतं, आमच्या ओळखीच्यांनी मुलगा सोळाचा असताना सोडलं आणि सगळे ऑस्ट्रेलियाला गेले. पण एनएस न करता सोडलं की मुलगा पुढे शिकायला किंवा नोकरीला इथे येऊ म्हणाला तर ते त्याच्या विरोधात धरतात, आणि आईबापाच्या परमिटच्या नूतनीकरणावरही परिणाम होऊ शकतो. २०१४ मध्ये बायको म्हणाली होती, आपण पण जाऊ या. फ्लॅटचं कर्ज नुकतंच घेतलेलं, मी म्हटलं बघू. ते बघू अजून चालू आहे.

फेब्रुवारी २०१८ ला तो गेला. चांगीजवळच्या धक्क्यावरून फेरीने पुलाऊ टेकॉंग नावाच्या बेटावर नेतात, पहिल्या दिवशी आईवडिलांनाही बरोबर घेतात. बराकी दाखवतात, पलंग दाखवतात, त्यांच्याच मेसमध्ये जेवायला घालतात, व्हेज मिळतं, काळजी नको. मग एका मोठ्या हॉलमध्ये पोरं हात वर करून शपथ घेतात. घरी कपाटात त्याचा अशोकस्तंभवाला पासपोर्ट आणि इथे हा दुसऱ्या देशाची शपथ घेतोय. बायको रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. परतीच्या फेरीत तिने फक्त विचारलं की त्याचे केस ठेवता येतात का हो मागून. इथे तुळतुळीत डोक्याला ‘बोटाक’ म्हणतात.

पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत, मग शनिवार-रविवार, रविवारी रात्री परत. मळलेले कपडे आले आणि मी शर्ट इस्त्रीला घेतला तर छातीवरच्या पट्टीवर माझं नाव. त्याचं नाही, माझं. झालं असं होतं की २००९ च्या फॉर्मवर मीच घोळ घातला होता, नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली पद्धत, त्यांचे रकाने वेगळे, मी आडनाव आधी, मग माझं, मग त्याचं असं भरलं. कोणीतरी त्यातलं मधलं उचललं. नऊ आठवडे त्या बेटावर सार्जंट माझ्या नावाने ओरडत होता आणि तो ‘येस सार्जंट’ म्हणत होता. मी म्हटलं अरे सांगायचं ना, बदलून देतील. तो म्हणाला, रिक्रूटने पहिल्याच आठवड्यात नाव चुकलंय म्हणून सांगायचं नसतं बाबा.

काम काय देतात म्हणालात. आवड विचारतात, फॉर्म भरून घेतात, पण जातं ते त्यांच्या गरजेने आणि तुमच्या पेसने. पायदळ, चिलखती गाड्या, सिग्नल, ड्रायव्हर, क्लार्क, मेडिक, नाहीतर आर्मीऐवजी पोलीस किंवा अग्निशमन. बेसिक ट्रेनिंगच्या शेवटी २४ किलोमीटरचा मार्च असतो, त्याच्या आधीच्या एका मार्चमध्ये आमच्याचा गुडघा गेला, ग्रेड उतरली आणि पोस्टिंग लागलं स्टोअरमन म्हणून. म्हणजे भांडारात बसून हेल्मेट, बेल्ट, तंबूचे खिळे मोजायचे, द्यायचे, परत घ्यायचे, कमी भरले तर लिहायचे. मी नाशिकला फोनवर सांगितलं की तो लॉजिस्टिक्समध्ये आहे. सासऱ्यांना सांगितलं सप्लाय चेन. तो शेजारच्या खोलीत होता आणि भिंत पातळ आहे.

वाया जातात का, तर मला नाही सांगता येणार. मित्र मिळाले, चिनी, मलय, तमिळ, शाळेत जेवढे झाले नव्हते तेवढे. क्वीन्सलँडला शोलवॉटर बे म्हणून जागा आहे, दरवर्षी इथलं सैन्य तिथे सरावाला जातं, तिथे जाऊन आला, कांगारूचा फोटो पाठवला. उठल्यावर अंथरूण काढतो, आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते. पगार म्हणाल तर भत्ता असतो, तेव्हा सुरुवातीला सहाशे डॉलरच्या आसपास होता, त्यात त्याने आईला मिक्सर आणला. भीतीचं सांगायचं तर, २०१८ मध्येच एका मुलाचा मार्चनंतर उष्माघाताने मृत्यू झाला, आणि जानेवारी २०१९ मध्ये अलॉयशियस पँग नावाचा टीव्हीवरचा नट रिझर्व्हिस्ट ट्रेनिंगला, म्हणजे एनएस झाल्यावर पुन्हा बोलावतात त्या सरावाला, न्यूझीलंडमध्ये गेला होता तो तिथे तोफेत चिरडून गेला. त्यानंतर सगळ्या सैन्याचं ट्रेनिंग हळू केलं. त्या महिन्यात मला पहिल्यांदा खिळे मोजणारा मुलगा असल्याचं बरं वाटलं.

डिसेंबर २०१९ ला सुटला. सुटला म्हणजे काय, पुढे दहा वेळा रिझर्व्हिस्टला बोलावतात, साधारण चाळिशीपर्यंत, पगार चालू राहतो पण बॉसचं तोंड बघावं लागतं. मग सिटिझनशिपचा अर्ज, भारतीय पासपोर्ट परत करणं, आणि ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डाच्या, फॉर्मवर विदेशी सैन्यात होता का हा प्रश्न. २०१७ मध्ये मोदी इस्रायलला गेले होते तेव्हा तिथल्या आपल्या लोकांना, म्हणजे अलिबाग-पेणकडून गेलेले बेने इस्रायली वगैरे, सक्तीची सैनिकी सेवा केली असली तरी ओसीआय देऊ असं जाहीर केलं होतं. आमच्या बाबतीत काय होईल ते कळायच्या आधी मी जन्मदाखल्यावरच अडकलो, कारण नगरपालिकेच्या दाखल्यात मुलाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी काढलेला ना. नाव घालायला तीन खेपा, एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर बंद, एकदा म्हणाले मुलाला घेऊन या. मुलगा सव्वीस वर्षांचा, रिझर्व्हिस्टला गेलेला. तो म्हणतो राहू दे, बघू. बघू म्हणायला माझ्याकडूनच शिकला.

एकटेपणाचं विचारलंयत. होतो, सगळ्यांनाच होतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत जा, टेक्का मार्केटला सगळी भाजी मिळते. बायकोला विचारलं काय लिहू, तर म्हणाली लिहा की रविवारी रात्री नऊ ते अकरा घरात फार शांत असतं, आणि आत गेली.

तुम्हाला घ्या किंवा घेऊ नका असं मी सांगणार नाही. डिपेंडंट पासवर, म्हणजे बापाच्या नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या परवान्यावर, मुलगा एकवीसपर्यंत राहू शकतो, त्याला एनएस नाही, फी जास्त पडेल आणि नोकरी गेली तर निघावं लागेल, हा त्याचा हिशोब आहे आणि तो करता येण्यासारखा आहे. पीआर घेणार असाल तर त्याला सांगून घ्या. आठ वर्षांच्याला काय कळतं म्हणाल. आमच्याने सुटल्यानंतर एकदा जेवताना सहज विचारलं होतं, चिडून नाही, वरणभात कालवता कालवता, की बाबा त्या अर्जावर माझी सही होती का.

नव्हती. अल्पवयीन मुलाची लागत नाही.

ती पट्टी अजून तशीच आहे, दरवर्षी बोलावणं आलं की शर्ट बाहेर निघतो. तुम्ही एक करा, निघायच्या आधी नगरपालिकेत जाऊन मुलाचा जन्मदाखला नावासकट काढून घ्या, आणि कुठलाही फॉर्म भरताना आडनाव, नाव कुठल्या रकान्यात जातंय ते त्याच्यासमोर बसून वाचून दाखवा.