‘पाळतीवर’ नेमका कोण?

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी दोन शंका पाठवल्या आहेत. गावच्या तिठ्यावर कॅमेरे बसले आणि खांबाला फलक लागला: ‘आपण सीसीटीव्हीच्या निगरानीत आहात’. हे मराठी आहे का, ही पहिली शंका. पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या किंवा चिनी कॅमेऱ्यांच्या बातम्यांत ‘मास सर्व्हेलन्स’ला ‘सामूहिक पाळत’ म्हणतात ते बरोबर का, ही दुसरी.

दुसरी आधी घेतो, कारण तिचे उत्तर एका शब्दात आहे: नाही. सामूहिक रजा अनेक जण मिळून घेतात, सामूहिक प्रार्थना अनेक जण मिळून करतात. त्या चालीने सामूहिक पाळत म्हणजे अख्ख्या वाडीने मिळून एकावर ठेवलेली पाळत. ती कोकणात पूर्वापार आहे. कोणाकडे मुंबईहून कोण आले, किती दिवस राहिले आणि जाताना फणस नेला की नाही, याची नोंद ठेवायला कुठल्याच वाडीने परदेशातून यंत्रे मागवली नाहीत. इंग्रजीतला ‘मास’ पाहणाऱ्यांचा नसून पाहिले जाणाऱ्यांचा आहे. संशय कोणावरही असो वा नसो, नजरेत सगळेच. यासाठी मराठीत ‘सरसकट’ आहे. सरसकट कर्जमाफी म्हटले की कोणाला टीप द्यावी लागत नाही. तशी सरसकट पाळत म्हणा. परिभाषाभक्तांनी ‘व्यापक संनिरीक्षण’ वगैरे सुचवू नये. आरोग्य खात्याने याच सर्व्हेलन्सला ‘सर्वेक्षण’ केले आहे, पण साथरोग सर्वेक्षण अधिकारी तापाचे रुग्ण मोजतो, कोणाच्या मागावर नसतो. तो शब्द त्या खात्यातच राहू द्या.

माझा खरा राग ताईंनी न विचारलेल्या गोष्टीवर आहे. २०२१ च्या जुलैत जगभरच्या वृत्तपत्रांनी ५० हजारांहून अधिक फोन क्रमांकांच्या यादीची बातमी एकाच वेळी दिली. पेगॅसस विकणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या गिऱ्हाइकांना या यादीतल्या लोकांत रस असावा, असे त्या वृत्तपत्रांचे म्हणणे होते आणि कंपनीने ते नाकारले. तेव्हापासून ‘पत्रकार पाळतीवर’, ‘नेते पाळतीवर’ ही भाषा कानावर पडते आणि डोके फिरते. अहो, मांजर उंदराच्या पाळतीवर असते. पाळतीवर मांजर आहे, उंदीर नाही! पत्रकार पाळतीवर म्हणजे तो कोणाच्या तरी मागावर आहे, आणि तसा तो असेल तर त्याचे अभिनंदन करायला हवे. इंग्रजी ‘अंडर’ला मराठी विभक्ती शोधण्याच्या नादात हे झाले आहे, काही जण ‘पाळतीखाली’ लिहितात, ते याहून वाईट. ‘पत्रकारांवर पाळत’ असे लिहावे. मथळ्यात जागाही तेवढीच लागते.

आता शब्दाच्या कुळाकडे. ‘पाळत’ ही ‘पाळणे’ची लेक, आणि पाळणे म्हणजे संस्कृत ‘पाल्’: राखणे, सांभाळणे. पाळणा, पाळीव, गोपाळ, प्रतिपाळ ही सगळी त्याच घरातली. आमच्या देवळांतला क्षेत्रपाळ त्याच घरातला, कौटिल्याचा सीमेवरचा अन्तपालही त्यातलाच. ज्याला सांभाळायचे त्याच्यावरून नजर काढून चालत नाही, म्हणून आधी बाळावर, मग गुरांवर, मग दारावर आणि वेशीवर ठेवलेली ही नजर शेवटी माणसावर आली. मायेच्या धातूतून हेरगिरीचा शब्द निघाला, याची मौज मला अजून ओसरलेली नाही.

रत्नागिरीतले एक निवृत्त प्राध्यापक मात्र दर वेळी सांगतात की पाळत ही ‘पाळी’वरून आली: पाळीपाळीने दिलेला पहारा तो पाळत. ऐकायला गोड आहे, पण व्याकरणात बसत नाही. पाळी म्हणजे संस्कृत ‘पालि’, ओळ किंवा रांग. ते नाम आहे. हा ‘त’ क्रियापदाला लागतो: रंगणे-रंगत, बचणे-बचत, तशी पाळणे-पाळत. नामाला असा ‘त’ चिकटवून दाखवा, मी गप्प बसतो. सरांनी याला उत्तर म्हणून मला ‘संस्कृतवेडा’ म्हटले. हे उत्तर झाले का?

त्यांच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येते, आणि ती व्युत्पत्तीची नाही, हिशेबाची आहे. एका माणसावर रात्रंदिवस पाळत ठेवायची तर पाळ्या लावाव्याच लागत, आणि पाळ्या म्हणजे पगार. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरे वेगळेच, आणि देशाची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ६० लाख. म्हणजे पाळत हा स्वभावतःच एकेकट्यावरचा, महागडा उद्योग. ‘सरसकट पाळत’ हा पूर्वी वदतोव्याघात ठरला असता. तो आता ठरत नाही, कारण पाळ्या यंत्र करते आणि यंत्र बाजारात मिळते. २०११ साली लिबियात गद्दाफींची सत्ता गेल्यावर त्रिपोलीतल्या त्यांच्या पाळतकेंद्रात ‘ईगल’ नावाच्या यंत्रणेची कागदपत्रे सापडली. देशाच्या इंटरनेटवरून जाणारी ईमेले आणि गप्पा चाळणारी ही यंत्रणा एमेसिस या फ्रेंच कंपनीने विकली होती. तिच्या अधिकाऱ्यांवर पुढे पॅरिसमध्ये छळाला साहाय्य केल्याचे आरोप ठेवले गेले. ईमेल वाचले गेले इतक्यावर थांबत नाही. वाचले म्हणून माणूस उचलला जातो, म्हणून हा खटला.

कंपनी फ्रेंच होती, यात मला शब्दाचा काव्यगत न्याय दिसतो. ‘सर्व्हेलन्स’ हा मुळात फ्रेंच, ‘वरून जागता डोळा ठेवणे’ या अर्थाचा. क्रांतीच्या ऐन धामधुमीत, मार्च १७९३ मध्ये, फ्रेंच सभेने गावोगाव ‘सर्व्हेलन्स’ समित्या नेमल्या: परके कोण, संशयित कोण, याची यादी करायला. इंग्रजीत हा शब्द त्यानंतरच रुळला.

आता फलकावरच्या ‘निगरानी’कडे येतो. तो ‘न’ हिंदीचा, मराठीत निगराणी. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. ती मराठीत आली आणि झाली ‘निगा’. आपण आजारी माणसाची निगा राखतो, कलमांची निगा राखतो, आणि त्यात नजरेपेक्षा काळजीच जास्त असते. त्याच घरातला ‘निगरान’ म्हणजे पाहणारा. आणि आजच्या इराणात ‘निगरान’ म्हणजे काय ठाऊक आहे? काळजीत पडलेला, चिंतातुर! तेहरानमध्ये कोणी ‘निगरान नको होऊ’ अशा अर्थाचे बोलले तर ‘काळजी करू नको’ एवढेच सांगत असते. थोडक्यात संस्कृताकडून आलेला शब्द काळजीकडून नजरेकडे गेला आणि फारसीकडून आलेला नजरेकडून काळजीकडे. दोन होड्या समोरासमोरून जाव्यात तसे हे झाले आहे, आणि कोणत्याही कोशाने या दोघींना एका पानावर आणलेले नाही, कारण कोश वर्णानुक्रमाने लावतात.

विकणाऱ्यांना मात्र हा फरक नेमका कळतो. ते पाळत कधीच विकत नाहीत. विकतात ती सुरक्षा, सुरक्षित शहर, नागरिकांची काळजी. म्हणून फलकावर ‘निगराणी’ असणे हा अपघात नाही, असे माझे मत आहे. निगराणीत निगा ऐकू येते. तिथे ‘तुमच्यावर पाळत आहे’ लिहिले असते तर पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून विचारले असते, की चित्रण कोणाकडे जाते, किती दिवस ठेवता, पाहतो कोण. तसे ‘सीसीटीव्ही’ हे नावही आता खोटेच आहे. त्यातला पहिला सी ‘क्लोज्ड’चा, म्हणजे बंदिस्त; आणि हल्लीचा स्वस्त कॅमेरा इंटरनेटला जोडलेला, त्याचे चित्र कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाते हे बसवणाऱ्यालाही ठाऊक नसते. हिकव्हिजन आणि दाहुआ या दोन चिनी कंपन्यांना अमेरिकेने ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या दडपशाहीत हातभार लावल्यावरून काळ्या यादीत टाकले. आपल्या सरकारने एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-तपासणीचे बंधन घातले. जुने, आधी बसलेले कॅमेरे खांबांवर आहेतच.

कोकणात याहून प्रामाणिक शब्द आहे: राखण. आंब्याच्या बागेची राखण होते, आणि गावाचा राखणदार, म्हणजे रक्षण करणारा देव, असतो. रात्री सीमेवरून फिरणारा, दिसत नाही पण आहे असा. त्याला वर्षाची राखण, म्हणजे त्याचा मान, द्यावी लागते, म्हणजे करार आहे, आणि काही बिघडले तर गाऱ्हाणे घालून त्याला जाबही विचारता येतो. ज्याला जाब विचारता येत नाही तो राखणदार कसला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे पेगॅससच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, ५ फोनांत घातक सॉफ्टवेअर मिळाले, ते पेगॅससच होते असे मात्र सिद्ध झाले नाही. आणि सरकारने सहकार्य केले नाही असे समितीचे म्हणणे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. (‘विदा’ या शब्दाबद्दल मला बरेच बोलायचे आहे, आज नको.) इथे ‘राखण’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘टेहळणी’ आणि ‘हेरगिरी’ यांचा घोळही होतो, तो चटकन निपटतो. टेहळणी उंचावरून, दूरवर, काय येते ते पाहण्यासाठी. सुवर्णदुर्गाच्या बुरुजावरून व्हायची ती. २०२५ च्या जानेवारीपासून मत्स्यव्यवसाय खाते बेकायदा मासेमारी शोधायला ड्रोन उडवते, तीही टेहळणीच. हेरणे म्हणजे एकाला निवडून त्याचे गुपित काढणे. पेगॅसस हे हेराचे काम आहे, सरसकट पाळतीचे नव्हे. २०१९ साली सुमारे १,४०० जणांचे फोन लक्ष्य केल्याबद्दल व्हॉट्सॲपने एनएसओला न्यायालयात खेचले. मे २०२५ मध्ये ज्यूरीने सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलर दंड ठोठावला. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी तो ४० लाखांवर आणला, पण व्हॉट्सॲपला हात लावायला कायमची मनाई केली.

या धंद्याला आवरायला वासेनार करार आहे, शस्त्रे आणि तशा कामाची यंत्रे परदेशी विकण्यावर लगाम घालणारा. १९९६ चा, डच गावाच्या नावाचा. २०१३ मध्ये त्याच्या यादीत घुसखोर सॉफ्टवेअर आणि इंटरनेटवर पाळत ठेवणारी यंत्रे आली. भारत २०१७ च्या डिसेंबरात ४२ वा सदस्य झाला. पण करार कोणाला बांधत नाही, परवाना द्यायचा की नाही हे ज्याचे तो ठरवतो, आणि इस्रायल सदस्यच नाही.

परवान्यावरून कार्ताज आठवला, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आमच्या समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक गलबताला कार्ताज नावाचा परवाना घ्यायला लावला. जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, हत्यारे, माल, जायचे बंदर हे सगळे त्यावर. नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक, म्हणजे तसेच परवाने, घ्यायला लावले, तेव्हा इंग्रजांना अपमान वाटला. कार्ताज चालत होता तेव्हा कुठे गेला होता अपमान? असो. ‘कार्ताज’ हा अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद, आणि तो ग्रीक ‘खार्तेस’वरून, म्हणजे पपायरसचा ताव. आता गंमत: त्याच ‘खार्तेस’चे लॅटिनच्या वाटेने झाले ‘कार्ड’. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आल्यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बोटांच्या ठशांची बायोमेट्रिक कार्डे देण्यात आली. आधार कार्ड आपल्या सगळ्यांकडेच आहे. कार्ताज आणि कार्ड सख्खी चुलत भावंडे आहेत, आणि काम तेच करतात. माझ्या मते सरसकट पाळत या देशात पहिल्यांदा याच पाण्यावर आली, आणि तीही विकतच्या कागदावर. देशावरचे लोक यावर हसतात. त्यांच्याकडे समुद्र नाही.

तर ताई, सरपंचांना सांगा: ‘येथे कॅमेरे आहेत’ एवढे लिहिले तरी पुरते, आणि खाली चित्रण कोणाकडे आहे ते लिहावे. प्राध्यापकांनी ‘पाळी’चा हट्ट सोडला नसेल तर एकच विनंती. नामाला ‘त’ लागून झालेला एक तरी जुना शब्द छापील ग्रंथातून काढून दाखवावा, पृष्ठ क्रमांकासह. आजीच्या तोंडून ऐकलेला चालणार नाही.