कूलरमधलं पोळं, भिंतीतलं भोक

प्रश्न : कूलर पावसाळ्यापासून खिडकीबाहेरच बंद आहे. आता ताटी काढली तर आत करडं, कागदासारखं पोळं आणि त्यावर आठ-दहा माश्या दिसल्या. रॉकेलचा बोळा पेटवून जाळा, असं शेजारी म्हणतात. जाळावं का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : जाळू नका. ताटी वाळून कोळ झालेली असते, एक ठिणगी पुरे.

ही गांधीलमाशी. लाकूड कुरतडून ती लाळेत कालवते आणि त्या लगद्याचं पोळं बांधते. त्यात मेण नसतं, घरं उघडी दिसतात आणि सगळं एका बारीक देठावर लटकतं. मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते, हिची राहत नाही. म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसते.

आठ-दहा माश्या असतील तर घरीच काढता येईल. घरात कुणाला पूर्वी डंखाने धाप लागली असेल, तर मात्र पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. काम अंधार पडल्यावर करायचं, तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. आधी कूलरचा प्लग काढा. जाड पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोज्यात खोचलेली पँट, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि डोक्या-तोंडाला दुपट्टा हवा. टॉर्च हातात धरू नका, बाजूला ठेवा; बिथरलेल्या माश्या उजेडाकडे झेपावतात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळून बागेच्या स्प्रे पंपाने दोन-एक मीटरवरून थेट पोळ्यावर धार मारा. साधं पाणी माशीच्या अंगावरून ओघळून जातं. साबणाचं पाणी तिच्या श्वासाच्या छिद्रांत शिरतं.

सकाळी पोळं काढा आणि देठ पुट्टीच्या पत्र्याने मुळापासून खरवडून जागा धुवा. इथेच बहुतेकांची चूक होते : पोळं पाडलं की काम झालं असं वाटतं. वाचलेल्या माश्या काही दिवस तिथेच घिरट्या घालतात आणि पुन्हा बांधू लागतात, तेव्हा आठवडाभर रोज बघा. मोटर व पंप पूर्ण सुकल्याशिवाय प्लग लावू नका.

पुढच्या वर्षी कूलर बंद करताना ताट्या काढा, टाकी कोरडी करा आणि जाळीसकट सगळा डबा ताडपत्रीत फट न ठेवता बांधा. फेब्रुवारीपासून सज्जा, खिडकीचं ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट आठवड्यातून एकदा तपासा. रुपयाएवढ्या पोळ्यावर एक-दोनच माश्या असतात. ते रात्री लांब बांबूने पाडता येतं.

प्रश्न : मागच्या भिंतीच्या भोकातून मोठ्या तांबूस-तपकिरी माश्या ये-जा करतात, पोटावर रुंद पिवळा पट्टा आहे. भोक सिमेंटने बुजवू का? (एक वाचक, महाल)

उत्तर : नाही. ही मोठ्या जातीची गांधीलमाशी, पोळं भिंतीच्या पोकळीत असतं. तोंड बंद केलं की त्या दुसरी वाट शोधतात, आणि ती अनेकदा खोलीतच निघते. हे काम घरी करू नका. पेस्ट कंट्रोलवाला भोकात कीटकनाशक भुकटी मारेल. आठवडाभर एकही माशी दिसली नाही, की मग भोक बुजवा.

प्रश्न : देवघराच्या कोपऱ्यात मातीचं घर दिसतंय. धोका आहे का?

उत्तर : जवळपास नाही. कुंभारमाशी एकटीच राहते आणि हातात धरल्याशिवाय सहसा डसत नाही. काही जाती घरात पिलांसाठी कोळी भरून ठेवतात, काही अळ्या. घराला भोक पडलं असेल तर पिलू बाहेर पडलंय, मग खुशाल खरवडा. एसीच्या पाइपचं तोंड मात्र बारीक जाळीने झाका, ती ते मातीने बुजवून टाकते.

प्रश्न : डंखावर चुना लावावा का?

उत्तर : नको. विष कातडीच्या आत असतं, वरचा चुना तिथवर पोचत नाही आणि कातडी मात्र भाजते. साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरा, सूज चढण्याआधी अंगठी-बांगड्या उतरवा. बरेच डंख असतील किंवा लघवी चहासारखी झाली, तर लगेच दवाखान्यात न्या; मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, धाप किंवा भोवळ यांपैकी काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. भोवळ असेल तर आडवं झोपवून पाय उंच करा, धाप असेल तर बसवून ठेवा. उठून चालू देऊ नका.