फोकवुल्फ १९० (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन फायटर विमान) : तुम्ही विचारलेलं

रेडियल इंजिन (गोलात मांडलेले सिलिंडर, हवेने थंड होणारे) म्हणजे पुढे केवढा गोल डोलारा, मग एवढा स्पीड कसा काय?

तेव्हा युरोपातल्या बऱ्याच डिझायनर लोकांचंही हेच म्हणणं होतं, फायटर म्हणजे निमुळतं नाक आणि पाण्याने थंड होणारं इंजिन. या विमानाचा डिझायनर कुर्ट टांकने एअर-कूल्ड घेतलं आणि त्याचं कव्हर इतकं घट्ट बसवलं की हवा आत शिरायला जागाच कमी, म्हणून प्रोपेलरच्या मागे एक पंखा लावला जो प्रोपेलरच्या तिप्पट वेगाने फिरून हवा आत ढकलायचा. १ जून १९३९ ला पहिलं उड्डाण झालं तेव्हा इंजिन वेगळं होतं आणि कॉकपिट अक्षरशः भट्टी झालेलं, मग १४ सिलिंडरचं बीएमडब्ल्यू ८०१ आलं आणि कॉकपिट मागे सरकवलं. स्पीड ताशी सव्वासहाशे किमीच्या पुढे. आणि रेडिएटरच नाही, त्यामुळे एक गोळी लागली आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) वाहून इंजिन जॅम, ही भानगडच नाही.

ब्रिटिशांचं फायटर स्पिटफायर तर जास्त चांगलं वळायचं ना? मग १९४१ मध्ये ब्रिटिशांना एवढा त्रास का झाला?

वळायचं, बरोबर आहे. पण लढाई फक्त गोल गोल फिरून होत नाही. १९० चा रोल भन्नाट होता, स्पिटफायर मागे लागलं की हा झटकन कुशीवर पलटी मारून दुसऱ्याच दिशेला डाइव्ह मारणार, समोरचा वळेपर्यंत हा गायब. २३ जून १९४२ ला आर्मिन फाबर नावाचा जर्मन पायलट दिशा चुकून वेल्समधल्या पेम्ब्री तळावर उतरला आणि ब्रिटिशांना अख्खं विमान आयतं मिळालं. टेस्टमध्ये निघालं काय, तर वळण सोडून बाकी सगळ्यात ते स्पिटफायर मार्क ५ ला भारी.

पण एक खोड होती. स्टिक जोरात ओढली की स्टॉल (पंखांची उचल सुटणं) एकदम यायचा, फारशी वॉर्निंग न देता एक पंख खाली. जमिनीजवळ हे झालं तर संपलंच.

मला विचाराल तर या विमानाची खरी हुशारी स्पीडमध्ये नाहीये. पायलटने एक लिव्हर हलवायची, प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) गिअर सगळं यंत्र आपापलं बघणार. चाकं एकमेकांपासून लांब, त्यामुळे खडबडीत मैदानावरही नीट उतरायचं, जर्मनांचंच दुसरं फायटर मेसरश्मिट १०९, त्याची चाकं जवळ जवळ असल्याने नवशिके पायलट उतरताना आपटायचे. टांकने साध्या पायलटचा विचार केला, हे मला फार आवडतं.

मग उंचावर मार का खायचं?

सुपरचार्जर. साधारण ६-७ किमीच्या वर इंजिनचा दम जायचा, आणि अमेरिकन बॉम्बर तिथेच. १९४४ मध्ये १९० चंच लांब नाकाचं मॉडेल डी-९ आलं, पण तोवर पेट्रोलही नाही आणि तयार पायलटही नाहीत.

टांक भारतात आला होता हे खरं का?

हो, १९५६ मध्ये, बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. मारुत हे भारतीय फायटर जेट त्याच्याच टीमचं, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. बॉडी सुंदर, पण हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तरी १९७१ ला राजस्थान आघाडीवर लढलं. मुंबईत असाल तर वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक उभं आहे, मुलांना घेऊन जा.