तिआनमाच्या कंदात असते तरी काय?

प्रश्न : चिनी वैद्यकात डोकेदुखी आणि चक्कर यांवर ‘तिआनमा’ नावाच्या ऑर्किडचा कंद देतात, असे वाचले. त्यात कोणती रसायने असतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना तो घेता येईल का?

उत्तर : तिआनमा म्हणजे गॅस्ट्रोडिया इलाटा. या वनस्पतीत हरितद्रव्य नसल्याने ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही आणि आर्मिलारिया नावाच्या बुरशीवर जगते. कंदातील मुख्य घटक गॅस्ट्रोडिन हा ग्लुकोजचा रेणू जोडलेला फिनॉल वर्गातील पदार्थ असून, त्याच्याशी सायट्रिक आम्लाचा संयोग होऊन बनलेली पॅरिशिन गटातील संयुगेही कंदात आढळतात. ताजा कंद तसाच वाळवला, तर त्यातील विकरे गॅस्ट्रोडिनचे विघटन करतात, म्हणून तो आधी वाफवतात. नीट वाफवून वाळवलेला कंद टणक होतो आणि कापल्यावर शिंगासारखा किंचित पारभासक दिसतो. विकरांची कल्पनाही नसलेल्या काळातल्या वैद्यांना ही युक्ती सापडली, याचे कौतुकच वाटते.

प्राण्यांवरील प्रयोगांत गॅस्ट्रोडिनचे शामक, आकडीरोधक आणि चेतापेशींचे रक्षण करणारे परिणाम दिसले आहेत. चीनमध्ये ते कृत्रिमरीत्या तयार करून औषध म्हणून वापरलेही जाते. मात्र मोजून दिलेले शुद्ध द्रव्य आणि डबीतली कंदाची भुकटी यांना एकाच मापाने तोलता येत नाही, कारण भुकटीतील गॅस्ट्रोडिनचे प्रमाण कंदागणिक बदलते. आपल्या गोळ्यांसोबत हा कंद डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि त्याच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद तर मुळीच करू नयेत.