परत सगळं आठवून त्रास वाढणार नाही ना?

"मॅडम, जे झालं ते झालं, आता तेच परत उकरून काढलं तर हिला अजून त्रास नाही का होणार?" अपघातासारख्या भयंकर प्रसंगानंतर माझ्याकडे थेरपीला येणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारतं, कधी नवरा, कधी आई, आणि बऱ्याचदा जिला त्रास होतोय ती स्वतःच. प्रश्न काळजीपोटी येतो आणि त्यात तथ्यही आहे, कारण चुकीच्या पद्धतीने उकरलं तर त्रास होतोच. म्हणून उत्तर एका केसमधूनच सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून.

ताई धायरीला राहतात, चाळिशीच्या आसपासच्या, कोथरूडला एका पतसंस्थेत नोकरी. दिवाळीच्या खरेदीसाठी नणंदेला स्कूटरवर मागे बसवून लक्ष्मी रोडला निघाल्या होत्या, सिंहगड रोडच्या एका सिग्नलजवळ मागून टेंपोने ठोकलं. ताईंचं मनगट मोडलं. नणंद हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेली.

माझ्याकडे आल्या त्या दीड वर्षाने, आणि त्याही झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-अडीचला घामाने भिजून उठायचं ते पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचं. सिंहगड रोड पूर्ण बंद, ऑफिसला जायला रोज नवले पूल, वारजे असा वळसा घालून रिक्षा, पगारातला बराच भाग त्यातच. मागे कुठे ब्रेक करकचून वाजला की हातातलं खाली पडायचं. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की खिडक्या बंद, कानात कापूस. आणि घरात एक गोष्ट होती जी त्यांनी खूप नंतर सांगितली, की हॉलमध्ये नणंदेचा हार घातलेला फोटो आहे आणि दीड वर्ष त्या फोटोकडे पाठ करून जेवत होत्या. त्यांची जेवायची जागा कधी बदलली हे घरात कोणी विचारलं नाही, आणि नणंदेचं नावही कोणी काढत नव्हतं, सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते.

मी बोलण्याचा विषय काढल्यावर ताई जरा चिडूनच म्हणाल्या, "मी बोलले नाही असं नाहीये, तेरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, काय झालं त्याने?" बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडे भेटायला आलेला माणूस चहाचा कप हातात घेऊन "नेमकं कसं झालं गं" विचारतो आणि समोरची तीन वाक्यात आटपते, टेंपोने उडवलं, ती जागेवरच बेशुद्ध झाली, मला काही कळलंच नाही. ते सांगणं म्हणजे बातमी देणं झालं. ऐकणाऱ्याचं कुतूहल भागतं, सांगणारी मात्र प्रत्येक वेळी सगळ्यात भयंकर जागेच्या अलीकडेच थांबते आणि मनात ठसतं काय, तर त्या जागेच्या पुढे जायचंच नाही. आणि अशा प्रसंगानंतर लगेच माणसाला धरून बसवून एकदाच सगळं वदवून घ्यायचं ह्याचा तर फायदा दिसलेला नाही, उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2018 ची गाइडलाइनही तसं करू नका असंच सांगते. पहिल्या दिवसांत माणसाला सोबत, झोप, जेवण आणि कोणीतरी घरची कामं उचलणं हवं असतं. बरीच माणसं काही आठवड्यांत आपोआप सावरतातही. पण महिना उलटून गेला तरी तीच स्वप्नं, तेच दचकणं, तेच टाळणं चालू असेल आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असेल तर तिथे मदत लागते, त्याला पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, 1980 पासून हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला ताईंच्या सासूबाई सोबत आल्या होत्या. स्वतःची तरुण मुलगी गेलेली बाई. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी पानशेत फुटलं, आख्खं घर गेलं आमचं, कोण गेलं होतं समुपदेशनाला?" 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा त्या शाळेत होत्या, घर नदीजवळच्या पेठेत. मी विचारलं, मग नंतर घरात काय बोलायचे त्याबद्दल? आणि आजी सुरूच झाल्या, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कोणाची भांडी कुठे सापडली, वडिलांनी कोणाला खांद्यावर घेतलं, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच बोलणं असायचं म्हणाल्या. म्हणजे सांगत होतेच की ते लोक, पुन्हा पुन्हा, सविस्तर, आणि ऐकणाराही त्याच पाण्यातून निघालेला असल्याने कोणी "जाऊ दे आता" म्हणत नव्हतं. ताईंना ही सोय नव्हती, त्यांच्या घरात ज्याला सांगावं त्याच्याच घरातलं माणूस गेलेलं. थेरपीत ही जागा मुद्दाम तयार करावी लागते.

तर आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगते, कारण भीती बहुतेक इथेच असते की आत गेल्या गेल्या सगळं बोलायला लावतील. तसं अजिबात नसतं. सुरुवातीला अपघाताची गोष्ट आम्ही उघडलीच नाही. आधी झोप, मरणाचे विचार येतात का हे स्पष्ट विचारणं, झोपेसाठी सायकिअॅट्रिस्टची एक भेट, श्वास संथ करायची सवय, आणि हे समजावणं की शरीर असं का वागतंय. भयंकर प्रसंगाची आठवण साध्या आठवणीसारखी जागेवर बसलेली नसते, त्यामुळे ब्रेक वाजला की मेंदूला ते मागे झालं होतं असं वाटत नाही, आत्ता होतंय असं वाटतं. आपण तिथून पळतो, लगेच बरं वाटतं, आणि नेमकं त्या बरं वाटण्यानेच भीती पक्की होते कारण न पळताही ती ओसरते हे कळायची संधीच मिळत नाही.

ताईंना हे पटलं ते त्यांच्या मनगटामुळे. प्लास्टर काढल्यावर फिजिओथेरपीत हात वळवताना डोळ्यात पाणी यायचं, पण फिजिओवालीने सांगितलं होतं की हे हाड परत मोडण्याचं दुखणं नाही, आखडलेलं सुटण्याचं आहे. मी म्हणलं इथेही तसंच, आणि किती वळवायचं ते तुम्ही ठरवायचं, थांबा म्हणालात की थांबायचं.

मग मुख्य काम. ताई डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायच्या, मी सिग्नलला आहे, शेजारी बस आहे, असं. दर थोड्या वेळाने मी विचारायचे त्रास किती, 0 ते 100 मध्ये. पहिल्यांदा चार वाक्यांत संपवलं आणि आकडा 90. त्याच सेशनमध्ये परत पहिल्यापासून, परत, परत. मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ते घरी रोज ऐकायचं हा होमवर्क, त्या गच्चीवर जाऊन ऐकायच्या आणि मिस्टर जिन्यात बसून राहायचे, काही न बोलता. ह्या पद्धतीला प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणतात, अमेरिकेत एडना फोआ ह्यांनी ती बलात्कारातून वाचलेल्या बायकांसोबत काम करताना पुढे आणली. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत ताईंची झोप आणखी बिघडली, हे मी लपवत नाही, काहींचं असं होतं, आधी सांगून ठेवलेलं असलं की माणूस घाबरून सोडून देत नाही.

आणि मग एकदा सांगता सांगता त्या थांबल्या. म्हणाल्या, "माझा डावा पाय खाली आहे." मी फक्त हं म्हणलं. "पाय रस्त्यावर टेकलाय मॅडम. म्हणजे गाडी उभी आहे. मी ब्रेक नाही मारला, गाडी उभीच आहे." दीड वर्ष ही बाई मनात धरून होती की मी अचानक ब्रेक मारला म्हणून मागच्याने ठोकलं. पंचनाम्यात स्कूटर सिग्नलला थांबलेली होती असं स्पष्ट लिहिलेलं होतं, मिस्टरांनी कितीदा वाचून दाखवलं होतं, पण दुसऱ्याने वाचलेलं आत पोचत नव्हतं आणि स्वतःच्या पायाखाली रस्ता लागल्यावर पोचलं. मी पायाबद्दल काहीही सुचवलं नव्हतं, आणि सुचवायचंच नसतं, कारण आठवणीत आपण काही घुसवलं तर ते खरं वाटायला लागतं. इथे कागद आणि आठवण जुळत होती एवढंच.

दुसरी गाठ होती "मीच तिला चल म्हणाले." ह्यासाठी पॅट्रिशिया रेसिक ह्यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी नावाची, प्रसंगाबद्दल मनात बसलेले विचार तपासून बघायची पद्धत आहे, साधारण 12 सेशनची, तिच्यातले प्रश्न मी वापरले. तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? पुरावा काय? लिहून आणा. ताईंनी वहीत लिहून आणलं आणि लिहिताना त्यांनाच आठवलं की फोन नणंदेने केला होता, वहिनी, आकाशकंदील आणायचाय, येतेस का. ते वाचून दाखवताना त्या जे रडल्या ते पहिल्यांदा नणंदेसाठी होतं. त्याआधी तो अपघातच इतका मोठा झाला होता की तिच्यासाठी रडायला जागाच उरली नव्हती.

सोबत बाहेरची यादीही चालू होती, सोप्याकडून अवघडाकडे, यादी त्यांचीच. पार्किंगमध्ये कव्हर काढून स्कूटरवर नुसतं बसणं, मग मिस्टरांच्या मागे बसून सोसायटीच्या गेटपर्यंत, मग रविवारी सकाळी सातला त्या सिग्नलजवळ फूटपाथवर भीती उतरेपर्यंत उभं राहणं, मग हेच ऑफिस सुटायच्या गर्दीत.

आता त्या सिंहगड रोडनेच जातात, बसने आणि कधी स्कूटरने. ब्रेक वाजला की अजून दचकतात पण मिनिटभरात भानावर येतात. मागे कोणाला बसवत नाहीत, ते आम्ही तसंच सोडलंय, त्यांना आत्ता नकोय. आणि एकदा स्वयंपाकघरात सासूबाईंनी विचारलं, "शेवटचं काही बोलली का गं ती?" ताईंना सांगता आलं, "कंदील पांढराच घेऊ म्हणत होती, आई." दोघी त्या दिवशी बराच वेळ बोलल्या असं मला कळलं, काय ते मी विचारलं नाही.

सगळ्यांना हेच, ह्याच क्रमाने लागू होतं असं नाही. घरात मारहाण अजून चालूच असेल, जीव द्यायचे विचार जोरात असतील, दारू हाताबाहेर गेली असेल तर आधी ती परिस्थिती सावरायची, आठवणींचं काम नंतर. लहानपणी वर्षानुवर्षं अत्याचार सोसलेल्यांना वेळ जास्त लागतो. एका प्रसंगाच्या ट्रॉमासाठी, म्हणजे मनावरच्या आघातासाठी, साधारण 8 ते 12 सेशन नाइसची गाइडलाइन सांगते, ताईंना थोडी जास्त लागली.

पुण्यात कोणाकडे जाणार असाल तर पहिल्याच फोनवर बिनधास्त विचारा, ट्रॉमासाठीचं ट्रेनिंग झालंय का, कुठली पद्धत वापरता, मी थांबा म्हणलं तर काय करता. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन विचारा. पहिल्याच तासात सगळं सांगायचा आग्रह कोणी केला तर उठून यायला हरकत नाही. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला तुमचा हक्क आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडून, आणि ते अपवाद आम्ही आधीच सांगायला हवेत. खर्चाची अडचण असेल किंवा आत्ता फक्त कोणाशी तरी बोलायचंच असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फोन फुकट, 24 तास चालू, मराठीतही बोलता येतं.